पानं किती धरायची?

अंबाजोगाईच्या जुन्या गल्लीतून दुपारचं चाललं की हल्ली वरच्या मजल्यांवरून भलतीच वाक्यं कानावर येतात. खाली ओसरीवर ज्वारी निवडणं चाललेलं असतं आणि वर कुणीतरी पोटतिडकीनं सांगत असतं, "अहो सर, कंटेनर मेलाय. उठवला, तर परत मेला." २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-हैदराबादहून लॅपटॉप काखोटीला मारून आलेल्या पोरांपैकी काही परत गेली. काहींनी इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडली आणि इथंच बस्तान बसवलं. मी त्या दुसऱ्यांतला. माझ्याबद्दल गल्लीला एवढंच पक्कं माहीत आहे की मी कंटेनर चालवतो, आणि आमच्याकडं कंटेनर म्हणजे लातूर रस्त्यावर ढाब्यापुढं आडवा लावलेला तो अवाढव्य ट्रक. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "ड्रायव्हर किती ठेवलेत म्हणं त्यानं?" आईनं गैरसमज दूर केला नाही. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि तिच्या मते चाकं असलेला धंदा मुलीकडच्यांना लवकर समजतो.

खरं सांगायचं तर कंटेनर आपलाआपण चालतो. माझा दिवस जातो तो त्याला कुणी काय सांगितलं होतं आणि त्यानं काय ऐकलं, याचा पंचनामा करण्यात.

डॉकर नावाचं हे प्रकरण सॉलोमन हाइक्स या गृहस्थानं मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सांता क्लारा इथं पायथॉनवाल्यांच्या परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात लोकांपुढं मांडलं. पाच मिनिटांत! आमच्याकडं तेवढ्यात व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंसुद्धा घेऊन होत नाहीत. कल्पना अशी की वेब ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एका इमेजमध्ये बांधायचं. मग ती इमेज माझ्या लॅपटॉपवर, टेस्टिंगच्या सर्व्हरवर आणि गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर सारखीच चालते. पण डेटाबेस तिन्हीकडं वेगळा, पासवर्ड वेगळा, मेल कुठून पाठवायचं तेही वेगळं. हे इमेजमध्ये बांधून चालत नाही. ते कंटेनर, म्हणजे चालू झालेली इमेज, उठताना बाहेरून सांगायचं, डावीकडं नाव, उजवीकडं किंमत, मधे बरोबरचं चिन्ह. ही युक्ती डॉकरची नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून ती युनिक्समध्ये आहे. २०११ च्या सुमारास हेरोकू कंपनीच्या मंडळींनी वेब ॲप्लिकेशनांसाठी बारा नियम लिहून काढले, त्यातला तिसरा नियम हाच. तेव्हापासून जगभर हे शास्त्र झालं. बोलताना आम्ही याला नुसतं 'एन्व्ह' म्हणतो.

आप्पांना हे सांगताना मात्र मला लग्नाच्या आचाऱ्याला बोलवावं लागलं.

आचारी टेम्पोतून येतो. पातेली त्याची, झारे त्याचे, कढया त्याच्या, हाताखालची माणसं त्याची, मसाल्याचं प्रमाण त्याच्या डोक्यात. लग्न केजला असो, परळीला असो की रेणापूरला, वरणाची चव तीच. पण मांडवात पाऊल टाकल्याटाकल्या तो काही गोष्टी विचारतो. पानं किती धरायची? पाणी कुठून घ्यायचं? किराणा कमी पडला तर कुणाला हाक मारायची? लसूण चालतो का? आणि हिशेब कुणाशी? एवढं सांगितलं की तो कामाला लागतो. तुमच्या घराण्याचा इतिहास त्याला नको असतो.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळं त्यांचा प्रश्न नेमका वर्मावर. "आणि दारात सांगायला कुणी नसलंच तर?"

"तर तो मनानं धरतो. मागच्या लग्नाला तीनशे होती, इथंही तीनशे."

"आणि पाणी?"

"पाणी तो स्वतःच्या टेम्पोत शोधतो."

आप्पा हसले, पण ही थट्टा नव्हे. डेटाबेसचा पत्ता दिला नाही की बहुतेक ॲप्लिकेशनं 'लोकलहोस्ट' धरून चालतात. लॅपटॉपवर ते खपून जातं. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, आणि तिथं विहीर कुठली? मग "कनेक्शन नाकारलं" अशी ओळ येते आणि पोरं डेटाबेसवाल्याशी भांडायला जातात. डेटाबेसवाला बिचारा शेजारच्या कंटेनरमध्ये भरलेली घागर घेऊन बसलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की पानांचा आकडा कळल्याशिवाय चूल न पेटवणारा आचारी सगळ्यात चांगला. ॲप्लिकेशन उठतानाच "डेटाबेसचा पत्ता दिलेला नाही, मी चाललो" म्हणून मान टाकत असेल तर त्याला वंदन करावं. मनानं धरून चालणारी ॲप्लिकेशनं पंगत बसल्यावर दगा देतात.

आता सांगायचं कसं, तर त्याच्या तऱ्हा पुष्कळ. इमेज बांधतानाच डॉकरफाइलमध्ये लिहून ठेवता येतं. वेगळ्या एन्व्ह फाइलीत यादी करून ती देता येते. अनेक कंटेनर एकत्र उठवणारं डॉकरचं कंपोज नावाचं अवजार असतं, त्याच्या फाइलीत 'एन्व्हायर्नमेंट' या मथळ्याखाली मांडता येतं. शिवाय कमांड देताना तिथल्यातिथं 'वजा ई' लावूनही सांगता येतं. एकच गोष्ट चार ठिकाणी वेगवेगळी लिहिलेली असली तर? इमेजमधल्यापेक्षा फाइल मोठी, फाइलीपेक्षा मथळ्याखालचं मोठं, आणि कमांडवर सांगितलेलं सगळ्यांच्या वर. लग्नघरी याद्या कितीही होवोत, मांडवाच्या दारात उभं राहून जो शेवटचं सांगतो त्याचं चालतं. तो बहुधा मुलीचा मामा असतो.

यातच एक खड्डा आहे, त्यात दर वर्षी नवी बॅच पडते. कंपोज फाइलीशेजारी 'डॉट एन्व्ह' नावाची फाइल ठेवली की आपलं काम झालं अशी पोरांची श्रद्धा असते. ती फाइल कंपोज वाचतं, नाही असं नाही, पण स्वतःसाठी वाचतं. त्याच्या यामल फाइलीत डॉलरचं चिन्ह लावून ज्या रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात, त्या भरायला. कंटेनरला त्यातलं एक अक्षर आपोआप जात नाही. ते जावं असं वाटत असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं. म्हणजे यादी व्याह्यांनी वाचली, मान डोलावली, घडी करून खिशात ठेवली. आचारी आपला टेम्पोतच बसलाय.

"सर, मी सांगितलंय."

"कुणाला?"

या 'कुणाला'पाशी आमच्या कित्येक मीटिंगा अर्ध्या तासासाठी थांबलेल्या आहेत.

समजा पोचलं. पोचलं म्हणजे समजलं असं नाही. एन्व्हमधून जे जातं ते सगळं मजकूर म्हणून जातं. आकडा पाठवा, हो पाठवा, नाही पाठवा, आत पोचेपर्यंत त्याची अक्षरं झालेली असतात. आणि पायथॉन काय, जावास्क्रिप्ट काय, दोघांचाही कायदा असा की रिकामा नसलेला कुठलाही मजकूर म्हणजे होकार. 'डीबग=फॉल्स' लिहून पोरगं निवांत झोपतं. आतल्या ॲप्लिकेशननं ते नीट पारखून घेतलं नसेल तर पाच अक्षरं आली एवढंच त्याला दिसतं, आणि डीबग चालू. मग काही बिघडलं की ते आपली आतली सगळी कहाणी येणाऱ्याजाणाऱ्याला पानभर सांगत सुटतं. हे आमच्या लोकांना पटवायला मला कधी त्रास पडला नाही. पंगतीत जिलबीचं ताट आलं की आपण पानावर आडवा हात धरून "नको, नको, खरंच नको" म्हणतो. वाढप्याला काय ऐकू येतं? आवाज आला. म्हणजे माणूस जागा आहे. म्हणजे दोन वाढा.

काही वेळा तर सगळं डोळ्यांसमोर असतं. आमच्या चमूतल्या एका पोराचा कंटेनर डेटाबेसला जोडला जाईना. "पासवर्ड चुकीचा" असं डेटाबेस सांगत होता आणि पोरगं शपथेवर सांगत होतं की बरोबर आहे. तीच फाइल कंपोजनं चालवली की जोडलं जायचं, साध्या 'डॉकर रन'नं चालवली की नाही. मी त्याला कंटेनरच्या आत शिरून 'प्रिंटएन्व्ह' मारायला लावलं. पडद्यावर पासवर्ड उमटला. "बघा सर, अक्षर न् अक्षर बरोबर." मग म्हटलं, अक्षरं मोज. बाहेर बारा होती, आत चौदा निघाली. वरची दोन म्हणजे मागची-पुढची अवतरणचिन्हं. फाइलीत त्यानं पासवर्ड सवयीनं अवतरणात घातला होता. कंपोज ती चिन्हं सोलून आतला गर देतं. डॉकर रन सालीसकट देतं. चिन्हं पडद्यावर ठळक दिसत होती, पण प्रोग्रॅमरच्या डोळ्यांना ती अवयवासारखी झालेली असतात, कुणी बघत नाही. पोरानं विचारलं, "एकाच कंपनीची दोन अवजारं, आणि एकच फाइल वेगवेगळी वाचतात?" त्याला म्हटलं, एकाच घरातले दोन भाऊ एकच सातबारा वेगवेगळा वाचतात, हे तू बीड जिल्ह्यात राहून विचारतोस?

कंपोज फाइलीत पासवर्ड लिहिताना त्यात डॉलर असला तर तो दोनदा लिहावा लागतो, आणि डेटाबेसच्या पत्त्यात पासवर्ड घालताना त्यात ॲटचं चिन्ह असलं तर पत्ता मधेच तुटतो. याबद्दल मी जास्त बोलत नाही. बोललो की रक्तदाब वाढतो.

वेळेचं प्रकरण मात्र आमच्या गावाच्या जिव्हाळ्याचं. योगेश्वरी ही कोकणातल्या कित्येक घराण्यांची कुलदेवता. ती इतक्या लांब बालाघाटच्या डोंगरावर कशी काय, त्याची आख्यायिका इथं पोराटोरांना पाठ असते. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, कोकणातून वऱ्हाड निघालं, परळी पंचवीसेक किलोमीटर राहिली आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडी मंडळींचे दगड झाले, देवी इथंच राहिली, कुमारिका. मुहूर्त चुकला तर काय होतं हे ज्या गावाइतकं कुणालाच ठाऊक नाही, त्या गावातली पोरंसुद्धा 'टीझेड' हे व्हेरिएबल द्यायला विसरतात. कंटेनरची जन्मजात समजूत अशी की जग ग्रिनिचच्या घड्याळावर चालतं. आपण साडेपाच तास पुढं. सकाळी आठला जायचा हप्त्याच्या आठवणीचा संदेश मग भर दुपारी दीडला जातो, आणि जेवून आडवा झालेला माणूस ज्या शब्दांत त्याचं स्वागत करतो ते छापण्यासारखे नसतात.

एका मंगल कार्यालयाचं बुकिंग असंच ग्रिनिचवर चाललं होतं. लग्नाच्या तारखेसाठी लोक इथं पहाटे पाचला उठून फोन हातात घेतात. पैसे भरले, पावती निघाली, पावतीवर तारीख आदल्या दिवसाची. वधुपिता पावती नाचवत आले. "काल मी गावातच नव्हतो. मग ही पावती फाडली कुणी?" त्यांना वाटलं भावकीतल्या कुणीतरी डाव साधला. मग टीझेडमध्ये 'आशिया/कोलकाता' भरलं, कंटेनर नव्यानं उठवला, आणि तारीख जागची हलली नाही. अल्पाइन नावाची फार हलकीफुलकी लिनक्स इमेज असते, तिच्यावर हे सगळं बांधलेलं. हलकं व्हायच्या नादात ती देशोदेशीच्या वेळांचं पंचांगच बरोबर आणत नाही. कोलकाता म्हटल्यावर ती तोंडावर 'बरं' म्हणते आणि ग्रिनिच चालू ठेवते. तक्रार नाही, इशारा नाही. पंचांगाचं 'टीझेडडेटा' हे गाठोडं वेगळं घातलं तेव्हा कुठं पहाट पहाटेला झाली. वधुपित्याचं समाधान झालं की नाही सांगता येत नाही. भावकीवरचा संशय एकदा आला की तो कुठल्याही पॅकेजनं जात नसतो.

किंमत बदलली तरी आतला माल तोच, हे बघायला सर्व्हरपर्यंत जायचीही गरज नाही. याच गावाला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणायचे. राज्य हैदराबाद. १९४८ चा मुक्तिसंग्राम झाला, १९५६ मध्ये राज्याच्या जागी मुंबई आलं, १९६० मध्ये महाराष्ट्र. मुकुंदराजांची समाधी होती तिथंच, दासोपंतांची चाळीस फुटी पासोडी होती तशीच. एक किंमत मात्र बदलता बदलत नाही. जिल्हा=बीड. स्वतंत्र अंबाजोगाई जिल्ह्याची मागणी कित्येक वर्षांची. मोर्चे झाले, बंद झाले, निवेदनांची चळत झाली. मधल्या काळात गाड्यांच्या पाटीवर एमएच-४४ एवढा वेगळा आकडा तेवढा मिळाला. म्हणजे गाडीला जिल्हा लागला, माणसाला अजून लागायचाय. जिल्ह्याचं नाव ज्यानं वेब ॲप्लिकेशनच्या पोटात कोरून ठेवलं असेल त्याची तारांबळ कशी उडते हे २०२३ मध्ये शेजारच्या उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा कळायला हरकत नव्हती. विशेषतः ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागात, कारण तिथं किंमती बांधणीच्या वेळीच भाजून पक्क्या होतात. नंतर कंटेनरच्या दारात उभं राहून कितीही ओरडा, वडा तळून झालेला असतो. म्हणून मी माझ्या कोडात जिल्हा व्हेरिएबलमध्ये ठेवतो. राजकारणाशी त्याचा संबंध नाही, नुसती तयारी म्हणून.

गुपितांबद्दल मात्र एन्व्हवर भिस्त ठेवू नये. आमच्या गावात गुपित जपायची रीत अशी की प्रत्येकाला सांगताना शेवटी "कुणाला बोलू नको" एवढं जोडायचं. एन्व्हमधला पासवर्ड याच रीतीनं जपला जातो. सर्व्हरवर ज्याला डॉकर चालवायची मुभा, त्याला 'डॉकर इन्स्पेक्ट' म्हटलं की सगळी यादी दिसते. ॲप्लिकेशन कोसळताना जे रडगाणं लिहून ठेवतं त्यात कधी कधी तीच यादी असते. आणि डॉट एन्व्ह फाइल गिटमध्ये चढवणारा वीर प्रत्येक चमूत एक तरी असतोच. अर्थात कोडात किल्ली लिहिण्यापेक्षा हे बरं. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेची एक किल्ली कोडासकट गिटहबवर डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२ उघड्यावर पडून होती, आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते बाहेर गेले असतील असं कंपनीलाच जाहीर करावं लागलं. कंटेनरांचे कळप सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये 'सीक्रेट' नावाची सोय आहे, पण त्यातला मजकूर दिसतो तो बेस६४ मध्ये. ते कुलूप नव्हे, नुसती गाठ, कुणालाही सुटते. त्यापेक्षा पासवर्ड एका फाइलीत ठेवून ती कंटेनरच्या आत दाखवायची आणि व्हेरिएबलमध्ये फक्त फाइलीचा पत्ता द्यायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसची अधिकृत इमेज हे ऐकते.

पण पोस्टग्रेसचा आणखी एक स्वभाव सांगायलाच हवा. पासवर्डचं व्हेरिएबल ते आयुष्यात एकदाच ऐकतं, डेटाचं गोदाम पूर्ण रिकामं असताना पहिल्यांदा उठतं तेव्हा. त्यानंतर तुम्ही फाइलीत काहीही लिहा, ते ढुंकून बघत नाही. आणि दुसरी गोष्ट आमच्या लोकांच्या गळी उतरत नाही ती 'रिस्टार्ट'ची. फ्रीज, टीव्ही, मोटर, सगळ्यांवर इथं एकच औषध, बंद कर आणि चालू कर. कंटेनरला मात्र जे सांगायचं ते तो जन्मतानाच सांगितलेलं असतं. आचाऱ्याला झोपेतून दहादा उठवा, तो पानं तीनशेच धरणार. नवा आकडा हवा तर त्याला टेम्पोत घालून परत पाठवायचं आणि दुसरा बोलवायचा. कंपोजला 'अप' म्हटलं की फाइलीतला फरक पाहून ते हे आपलंआपण करतं. 'रिस्टार्ट' म्हटलं की फक्त झोपेतून उठवतं.

हे सगळं मी आमच्या नव्या पोराला नीट समजावून सांगितलं होतं. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर तपासताना दिसलं की नमुन्याची एन्व्ह फाइल आहे तशीच चढली आहे, आणि डेटाबेसचा पासवर्ड आहे 'इथे_पासवर्ड_टाका'. कुणाची तक्रार कशी आली नाही? येईल कशी! ॲप्लिकेशननं त्या फाइलीतून वाचलं, रिकाम्या गोदामातल्या पोस्टग्रेसनंही त्याच फाइलीतून वाचलं, दोघांचं गोत्र जुळलं. मी पोराला फोन केला, आजच्या आज पासवर्ड बदल म्हटलं. आई जिन्यातून ओरडली, "जेवायला येऊलालास का, का ट्रक पलटी झालाय?" जेवून हात धुतोय तोवर त्याचा फोन आलाच, आवाजात नुसता उत्साह.

"सर, फाइलीत नवा पासवर्ड टाकला. चांगला अवघड टाकलाय. दोन्ही कंटेनर रिस्टार्ट पण मारले. काहीच अडचण आली नाही, सगळं एकदम पहिल्यासारखं चालू आहे!"